सही करण्याआधी ‘इनसायडर’चे कलम वाचा

धर्माबाद म्हटले की लाल मिरचीची बाजारपेठ आठवते, बाभळीचा बंधारा आठवतो. याच तालुक्यातल्या बाळापूरच्या मद्यार्क कारखान्याची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, हे मात्र गावातल्याही अनेकांना ठाऊक नसते. पायोनियर डिस्टिलरीज लिमिटेड असे तिचे नाव. तिचे शेअर मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत विकले-घेतले जात. त्यांतले ७५ टक्के बंगळूरूच्या युनायटेड स्पिरिट्सकडे होते आणि युनायटेड स्पिरिट्सची सूत्रे लंडनच्या डियाजिओकडे. डिसेंबर २०१९ मध्ये पायोनियर आपल्यात विलीन करून घेण्याची योजना युनायटेड स्पिरिट्सने जाहीर केली. पायोनियरच्या ४७ शेअरांमागे युनायटेड स्पिरिट्सचे १० शेअर, असे प्रमाण ठरले. पुढे हे विलीनीकरण पूर्ण झाले.

असे प्रमाण एका बैठकीत ठरत नाही. मूल्यांकन करणारे, मर्चंट बँकर, वकील, लेखापरीक्षक, दोन्ही कंपन्यांचे सचिव, हिशेब विभागातले लोक, आकड्यांचे तक्ते टंकणारे साहाय्यक अशा अनेक हातांतून कागद फिरतात. घोषणा होईपर्यंत ही सगळी माणसे कायद्याच्या भाषेत ‘इनसायडर’ असतात. प्रत्येक विलीनीकरणात हे असेच घडते आणि त्यात गैर काहीच नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा यांपैकी कोणी त्या माहितीच्या बळावर शेअर घेतो, विकतो किंवा ती घरी-दारी सांगतो.

आज नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांतली मुले-मुली पुण्यात, हैदराबादेत शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांत काम करतात. नियुक्तीपत्राबरोबर तीस-चाळीस पानांची आचारसंहिता येते आणि मोबाइलवर ‘मान्य आहे’चे बटण दाबून ती मिटवली जाते. नांदेडच्या सीए फर्म अशा कंपन्यांच्या युनिटचे ऑडिट करतात. इथले पुरवठादार, वाहतूकदार, सल्लागार त्यांच्याशी करार करतात. या सगळ्या कागदांत एक कलम हमखास असते: इनसायडर कोणाला म्हणायचे. ते कसे वाचावे आणि वाचून काय करावे, याचे हे मार्गदर्शन आहे.

आधी कायदा काय म्हणतो

भारतात हा विषय शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या अखत्यारीत येतो. १९९२ चे जुने नियम बदलून सेबीने २०१५ मध्ये इनसायडर ट्रेडिंग प्रतिबंधाचे नवे नियम आणले. ते १५ मे २०१५ पासून लागू आहेत आणि त्यानंतर अनेकदा दुरुस्त झाले आहेत. करारातली व्याख्या बहुतेक वेळा याच नियमांतून उचललेली असते.

नियमांनुसार इनसायडर दोन प्रकारे ठरतो. पहिला प्रकार कंपनीशी संलग्न व्यक्तीचा. संचालक, अधिकारी, कर्मचारी तर यात आलेच. पण कंपनीशी करार असलेला, व्यावसायिक संबंध असलेला, अधिकाऱ्यांशी वरचेवर बोलणे-भेटणे असलेला माणूसही येतो. त्या संबंधामुळे त्याला आतली माहिती मिळते किंवा मिळू शकेल असे मानायला जागा असली की पुरे. संबंध कायमचा हवा असे नाही, तात्पुरताही चालतो. सध्या संबंध नसला तरी मागच्या सहा महिन्यांत होता, एवढ्यानेही माणूस संलग्न ठरतो. म्हणजे राजीनामा दिला, कंत्राट संपले, म्हणून दुसऱ्या दिवशी मोकळे झालो असे होत नाही.

दुसरा प्रकार त्याहून व्यापक आहे. अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती ज्याच्याकडे आहे किंवा जिच्यापर्यंत त्याचा हात पोचतो, असा कोणीही. तो कंपनीत नसेल, करार केला नसेल, पगार घेत नसेल, तरीही तो इनसायडर आहे. म्हणून या कलमात स्वतःला शोधताना ‘माझे पद काय’ हा प्रश्न दुय्यम ठेवा. ‘माझ्या हाती काय येते’ हा प्रश्न आधी विचारा.

आतली माहिती कशाला म्हणायचे

जी माहिती सर्वांना सारखी उपलब्ध नाही आणि उपलब्ध झाल्यास शेअरच्या भावावर ठळक परिणाम करील, ती आतली माहिती. तिमाही निकाल, लाभांश, भांडवलातले बदल, विलीनीकरण, कंपनी विकत घेणे किंवा विभाग विकणे, व्यवसायाचा विस्तार, वरिष्ठ पदांवरचे बदल ही जुनी यादी. २०२५ च्या दुरुस्तीने तीत बरीच भर पडली. नेहमीच्या कामाबाहेरचे मोठे कंत्राट मिळणे किंवा तुटणे, पतमानांकनातले बदल, भांडवल उभारणीचा प्रस्ताव, फसवणूक किंवा कर्जफेड चुकणे, फॉरेन्सिक ऑडिट, नियामकांची कारवाई, खटल्याचा निकाल आणि महत्त्वाचे परवाने मिळणे किंवा रद्द होणे हे सारे आता यादीत स्पष्ट लिहिलेले आहे.

ही भर आपल्याकडच्या कारखान्यांसाठी महत्त्वाची आहे. साखर, मद्यार्क, औषधे, रसायने यांचे उद्योग परवान्यांवर चालतात. उत्पादन शुल्क विभागाचा परवाना किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा बंदीचा आदेश मुंबईच्या मुख्यालयाआधी युनिटच्या टपालात येऊ शकतो. ते टपाल उघडणारा कारकून त्या क्षणी, कंपनीने जाहीर करण्याआधी, ती बातमी जाणतो. कंपनी नोंदणीकृत असेल आणि बातमीने भाव हलण्यासारखा असेल, तर तो कारकून इनसायडर आहे.

याचा अर्थ कारखान्यातली प्रत्येक गोष्ट गुपित आहे असा नाही. आज किती ट्रक धान्य उतरले किंवा पाळी कोणाची आहे, यासारख्या रोजच्या बाबींनी सहसा भाव हलत नाही. शंका असेल तेव्हा एकच कसोटी लावा: ही गोष्ट उद्या जाहीर झाली, तर शेअर घेणारा-विकणारा आपला विचार बदलेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती आतली माहिती समजा.

आणखी एक गैरसमज दूर करा. वर्तमानपत्रात किंवा यूट्यूबवर कुजबुज आली, म्हणजे माहिती सार्वजनिक झाली असे नाही. कंपनीने दुजोरा न दिलेली बातमी आता नियमांत सार्वजनिक माहिती धरली जात नाही. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीची घोषणा आली की ती सर्वसाधारणपणे सार्वजनिक मानली जाते.

करारांचे प्रकार आणि त्यांतली व्याख्या

इनसायडरचे कलम सगळ्या करारांत एकाच साच्याचे नसते. तुमच्या हाती कोणता कागद आहे, ते आधी ओळखा.

नियुक्तीपत्र आणि आचारसंहिता. इथे ‘डेझिग्नेटेड पर्सन’ हा शब्द येतो. कंपनीने कामाच्या स्वरूपावरून किंवा माहितीच्या आवाक्यावरून नेमून दिलेली ही माणसे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापासून खाली दोन पायऱ्यांपर्यंतचे कर्मचारी यात असतातच, आणि संगणक विभागातले किंवा सचिवालयातले साहाय्यकही त्यांच्या हाती माहिती येत असेल तर असतात. महत्त्वाच्या उपकंपन्यांतले कर्मचारीही यात येतात. ‘मी तर साधा सिस्टीम ॲडमिन’ असे म्हणणाऱ्या मुलाकडे निकालांची फाईल असलेल्या सर्व्हरचा पासवर्ड असतो, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले आहे.

पुरवठा, सल्ला किंवा सेवा यांचा करार. यात गोपनीयतेच्या कलमाला जोडून एक वाक्य असते: माहिती घेणाऱ्याला शेअर बाजाराच्या कायद्याची जाणीव आहे आणि तो त्या माहितीवर व्यवहार करणार नाही. हे वाक्य शोभेचे नाही. कंपनी रास्त कामासाठी भागीदार, बँका, ग्राहक, पुरवठादार, वकील, लेखापरीक्षक यांना आतली माहिती देऊ शकते. पण ती घेणारा नियमानुसार इनसायडर ठरतो आणि त्याला तसे कळवावे लागते. करारातले ते वाक्य म्हणजे अनेकदा हीच सूचना असते. शिवाय तुमचे नाव आणि पॅन कंपनीच्या डिजिटल नोंदवहीत चढते. कोणाला, कधी, कोणती माहिती दिली, हे त्या वहीत वेळेच्या शिक्क्यासह राहते, मागाहून खोडता येत नाही आणि किमान आठ वर्षे जपावे लागते.

सीए, वकील, कंपनी सचिव यांच्या फर्म. नोंदणीकृत कंपनीला सल्ला देणाऱ्या फर्मने स्वतःची वेगळी आचारसंहिता ठेवायची असते. नांदेडच्या एखाद्या फर्मकडे अशा कंपनीच्या फक्त एका युनिटचे काम असले, तरी ही जबाबदारी तपासून घ्यावी. आर्टिकलशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून लेखी हमी घ्यावी आणि त्यांना कारण समजावून सांगावे. वयाच्या विसाव्या वर्षी मित्राला सांगितलेली एक गोष्ट त्यांचे पुढचे करिअर अडवू शकते.

कंपनी खरेदी, गुंतवणूक किंवा विलीनीकरणाचा करार. खरेदीदार सौद्यापूर्वी कंपनीची कसून तपासणी करतो. त्यासाठी आतली माहिती द्यायची, तर संचालक मंडळाने संबंधितांकडून गोपनीयतेचा करार करून घ्यावा लागतो आणि त्या काळात त्यांनी शेअरमध्ये व्यवहार करायचा नसतो. या करारांत इनसायडरच्या जोडीला ‘प्रतिनिधी’ आणि ‘संलग्न कंपनी’ यांच्या लांब व्याख्या असतात. पालक कंपनी, तिची पालक कंपनी, तिचे सल्लागार असे सगळे त्यांत ओढले जातात. बाळापूर, बंगळूरू, लंडन अशी साखळी असलेल्या उद्योगात त्या व्याख्येचे एक टोक आपल्या तालुक्यात असू शकते.

कंपनी स्वतःही इनसायडर ठरू शकते. मार्च १९९६ मध्ये हिंदुस्तान लीव्हरने ब्रुक बाँड लिप्टन इंडियाचे आठ लाख शेअर युनिट ट्रस्टकडून घेतले आणि थोड्याच दिवसांत दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. दोघींची पालक कंपनी युनिलिव्हर. सेबीने हिंदुस्तान लीव्हरला दोषी धरले. विलीनीकरणाची कुणकुण बाजाराला आधीच होती, या मुद्द्यावर अपिलात तो आदेश टिकला नाही. पण एखादी कंपनी दुसऱ्या कंपनीच्या बाबतीत इनसायडर ठरू शकते, हा विचार या प्रकरणातून देशभर पोचला.

करार कायद्यापेक्षा कडक असतो, सैल कधीच नसतो

हे सूत्र नीट लक्षात ठेवा. कंपनी आपल्या करारात कायद्यापेक्षा जास्त लोकांना, जास्त काळासाठी बांधू शकते. सर्व कर्मचाऱ्यांना परवानगीशिवाय व्यवहाराला बंदी, स्पर्धक कंपन्यांच्या शेअरलाही बंदी, नोकरी सोडल्यावर विशिष्ट काळ मनाई असे काहीही त्यात असू शकते. सही केली की ते तुम्हाला बांधते आणि मोडल्यास नोकरीवर गदा येते.

उलट बाजूने मात्र करार काही देऊ शकत नाही. ‘पुरवठादार हा इनसायडर समजला जाणार नाही’ असे लिहून घेतले, तरी आतली माहिती हाती आल्यावर त्या वाक्याचे संरक्षण सेबीपुढे मिळत नाही. तुमचे नाव डेझिग्नेटेड व्यक्तींच्या यादीत नाही, हीसुद्धा सुटका नाही. ती यादी कंपनीच्या आचारसंहितेसाठी आहे.

एका बाबतीत तर कायदा कराराला थेट निष्प्रभ करतो. इनसायडर ट्रेडिंगची माहिती सेबीला देणाऱ्यासाठी २०१९ पासून बक्षीस आणि संरक्षणाची व्यवस्था आहे. अशी माहिती देण्यापासून रोखणारे कराराचे किंवा आचारसंहितेचे कोणतेही कलम त्या मर्यादेत रद्दबातल आहे. गोपनीयतेच्या धाकाने गुन्हा पाहूनही गप्प बसायला कोणताही करार भाग पाडू शकत नाही.

घरातली माणसे: इथे सर्वात जास्त घोटाळा होतो

आपल्याकडे पैशाचे व्यवहार एकट्याचे नसतात. मुलगा पुण्यात कमावतो, वडिलांचे डीमॅट खाते तोच मोबाइलवरून चालवतो, बहिणीच्या लग्नासाठी तिच्या नावावर शेअर घेऊन ठेवतो. म्हणून हा भाग घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा.

नियमांत दोन वेगवेगळी वर्तुळे आहेत. कंपनी दरवर्षी डेझिग्नेटेड व्यक्तीकडून फॉर्म भरून घेते. त्यात निकटच्या नातेवाइकांची नावे, पॅन आणि मोबाइल क्रमांक द्यायचे असतात. निकटचे म्हणजे पती किंवा पत्नी, आणि आई-वडील, भावंडे, मुले यांपैकी जे तुमच्यावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून आहेत किंवा शेअरच्या व्यवहारात तुमचा सल्ला घेतात. जोडीदाराचे आई-वडील, भावंडे आणि मुलेही याच अटीवर येतात. धर्माबादला राहणारे वडील पेन्शनवर स्वतंत्र जगत असतील, पण ‘हा शेअर घेऊ का रे?’ असे मुलाला विचारूनच घेत असतील, तर त्यांचे नाव फॉर्ममध्ये यायला हवे.

याच फॉर्ममध्ये आर्थिक संबंधांचाही रकाना असतो. मागच्या बारा महिन्यांत तुम्ही एखाद्याला तुमच्या वार्षिक उत्पन्नाच्या २५ टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम कर्ज किंवा भेट म्हणून दिली असेल, तर त्याचे नाव द्यावे लागते. बाजारभावाने केलेले नेहमीचे व्यवहार यात धरले जात नाहीत. भावाला घर बांधायला उसने दिलेले पैसे, मित्राला दुकानासाठी दिलेली रक्कम या रकान्यात बसू शकते.

कायद्याचे दुसरे वर्तुळ याहून मोठे आहे आणि डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ते आणखी रुंदावले. आता संलग्न व्यक्तीचे आई-वडील, सासू-सासरे, भावंडे, दीर, नणंद, मेहुणे, मेहुण्या, मुले, सुना, जावई, वहिनी, बहिणीचे यजमान, जाऊ आणि साडूसुद्धा संलग्न मानले जातात. ते अवलंबून आहेत की नाही, हा प्रश्न इथे येत नाही. चुलते, मामा, मावशी या यादीत नाहीत. पण एकाच घरात राहणारी व्यक्ती, नाते कोणतेही असो, आता संलग्न मानली जाते. एकत्र कुटुंबातले काका यात आले आणि हिंजवडीत फ्लॅट वाटून घेणारा रूममेटही आला. जिथे संचालकाचा किंवा त्याच्या नातेवाइकांचा दहा टक्क्यांहून अधिक हिस्सा आहे, ते हिंदू अविभक्त कुटुंब किंवा ती फर्मसुद्धा याच वर्तुळात आहे.

हे मानणे अंतिम नसते, ते खोडून काढता येते. पण संलग्न व्यक्तीने आपल्याकडे आतली माहिती नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी तिच्यावरच असते. जो संलग्न नाही, त्याच्या बाबतीत माहिती होती हे सेबीला सिद्ध करावे लागते. हा फरक फार मोठा आहे.

न्यायालये नुसत्या नात्यावरून कोणाला फासावर चढवत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पीसी ज्वेलर प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दुरावलेल्या नातेवाइकांना केवळ नाते आणि व्यवहारांची वेळ यांवरून दोषी धरता येणार नाही, माहिती पोचल्याचा ठोस पुरावा हवा, असे म्हटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गॅमन इन्फ्रास्ट्रक्चरच्या अभिजित राजन यांच्या प्रकरणात, कर्जाच्या संकटातल्या मूळ कंपनीला वाचवण्यासाठी केलेली विक्री न्यायालयाने इनसायडर ट्रेडिंग मानली नाही. पण हे दोन्ही निकाल वर्षानुवर्षांच्या लढाईनंतर आले. त्यातला पहिला तर नातेवाइकांची व्याख्या रुंदावण्याच्या आधीचा आहे. त्यांच्या भरवशावर कोणी निर्धास्त राहू नये.

नोकरदारांनी पाळायचे वेळापत्रक

डेझिग्नेटेड व्यक्तीसाठी ट्रेडिंग विंडो म्हणजे व्यवहाराची मुभा असलेला काळ. तिमाही संपली की ती बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर, ३१ डिसेंबर या तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. विंडो बंद असताना तुमच्या पॅनवर त्या शेअरचे व्यवहार डिपॉझिटरीच्या पातळीवरच गोठवले जातात आणि ही पद्धत आता निकटच्या नातेवाइकांच्या पॅनपर्यंत नेली जात आहे. विंडो उघडी आहे म्हणून सगळे मोकळे, असेही नाही. आतली माहिती हाती असेल, तर उघड्या विंडोतही व्यवहार करता येत नाही.

विंडो उघडी असतानाही कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवरच्या व्यवहाराला पूर्वपरवानगी लागते. परवानगी मिळाल्यावर सात व्यवहार-दिवसांच्या आत तो उरकावा लागतो, नाहीतर पुन्हा अर्ज. घेतलेला शेअर सहा महिन्यांच्या आत विकणे किंवा विकलेला परत घेणे मना आहे. एका तिमाहीत दहा लाख रुपयांवर व्यवहार झाले, तर दोन व्यवहार-दिवसांत कंपनीला कळवावे लागते.

ईसॉपबद्दल अनेक तरुण गोंधळतात. विंडो बंद असतानाही स्टॉक ऑप्शन वापरून शेअर आपल्या नावावर करून घेता येतात. ते विकता मात्र येत नाहीत. घराच्या हप्त्यासाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी पैसे लागणार असतील, तर विंडोच्या तारखा पाहून आधीच आखणी करा.

स्टार्टअपमध्ये काम करणाऱ्यांनीही सावध राहावे. कंपनीने शेअर बाजारात येण्यासाठी कागदपत्रे दाखल केली की ती ‘नोंदणी होऊ घातलेली’ ठरते आणि हे नियम तिला लागू होतात.

अमेरिकी कंपनीचा करार असेल तर

पुण्या-हैदराबादेतल्या अनेकांना पालक अमेरिकी कंपनीचे शेअर मिळतात. तिथल्या करारातली ‘कॉर्पोरेट इनसायडर’ची व्याख्या वाचताना दोन थर ओळखा. १९३४ च्या अमेरिकी सिक्युरिटीज कायद्यातल्या कलम १६ खाली संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि दहा टक्क्यांहून अधिक शेअरचे धारक येतात. त्यांना आपले व्यवहार दोन कामकाजाच्या दिवसांत जाहीर करावे लागतात आणि सहा महिन्यांच्या आत केलेल्या खरेदी-विक्रीचा नफा कंपनीला परत द्यावा लागतो. करारात ही छोटी यादी दिसली की ‘आपण यात नाही’ असे वाटते. पण आतल्या माहितीवर व्यवहार करण्याची मनाई याहून खूप व्यापक आहे आणि कंपनीचे धोरण ती सहसा सर्व कर्मचाऱ्यांना लावते. शेअर ज्या देशात नोंदलेला, तिथला कायदा इथे बसून केलेल्या व्यवहारालाही गाठतो.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

कलम समोर आले की हे प्रश्न एकेक करून तपासा.

व्याख्या कोणत्या कायद्याचा संदर्भ देते, आणि ‘वेळोवेळी दुरुस्त केल्याप्रमाणे’ असे म्हणते का? म्हणत असेल, तर सही जुनी असली तरी नवे नियम लागू होतात.

माझ्यासह माझ्या घरातले, फर्ममधले कोण कोण यात ओढले जातात?

बंधन किती काळ आहे? करार संपेपर्यंत, माहिती जाहीर होईपर्यंत की त्यानंतरही?

कोणत्या कंपन्यांचे शेअर बंदीत येतात? फक्त ही कंपनी, की पालक कंपनी, ग्राहक कंपन्या, स्पर्धकही?

मला कोणती माहिती मिळणार आहे, आणि ती मिळाल्याचे मला लेखी कळवले जाईल का?

चूक झाल्यास शिक्षा काय? पगारवाढ रोखणे, निलंबन, रकमेची वसुली यांपैकी काय लिहिले आहे?

कंप्लायन्स ऑफिसर, म्हणजे हे नियम पाळले जातात का ते पाहणारा कंपनीचा अधिकारी, कोण आणि त्याच्याशी संपर्क कसा करायचा?

छोट्या पुरवठादाराला मोठ्या कंपनीचे कलम बदलून मिळणे अवघड असते, हे खरे आहे. तरी एक गोष्ट आग्रहाने मागता येते: ‘कामाला लागेल तेवढीच माहिती द्या, आतली माहिती देणार असाल तर आधी कळवा.’ हे लिहून घेतले, की नकळत अडकण्याची शक्यता कमी होते. अनेकदा माहिती न घेणे हाच सर्वात सुरक्षित मार्ग असतो.

चुकून कानावर पडले तर

व्हॉट्सॲपवर चुकीच्या गटात फाईल आली, प्रवासात शेजारचे दोन अधिकारी मोठ्याने बोलत होते, झेरॉक्सच्या दुकानात मसुदा राहून गेला. अशा वेळी तीन गोष्टी करा. त्या कंपनीच्या शेअरला हात लावू नका. ती गोष्ट पुढे कोणालाही सांगू नका. कर्मचारी किंवा करारातले पक्ष असाल, तर कंप्लायन्स ऑफिसरला त्याच दिवशी लेखी कळवा.

दुसरी गोष्ट पुन्हा बजावून सांगतो, कारण तिथेच माणसे फसतात. रास्त कामाशिवाय आतली माहिती सांगणे हाच स्वतंत्र भंग आहे. ऐकणाऱ्याने शेअर घेतला की नाही, त्याला नफा झाला की तोटा, याने सांगणारा सुटत नाही. घरी फोनवर ‘आमच्या कंपनीत काहीतरी मोठे होणार आहे’ एवढे म्हणणेही धोक्याचे आहे. आईने विचारले तर ‘कामाचे आहे, सांगता येत नाही’ असे म्हणण्यात कोणताही अनादर नाही.

शिक्षा आणि तिच्यामागचे कारण

सेबी कायद्यात दंड किमान दहा लाख रुपयांचा आहे. तो पंचवीस कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. फौजदारी खटल्यात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजारात व्यवहार करण्यावर बंदी येते, मिळवलेला नफा काढून घेतला जातो. दोन-पाच हजारांच्या नफ्यासाठी एवढे ओढवून घेण्यात काहीच शहाणपण नाही.

पण भीती हे एकमेव कारण नाही. प्रत्येक खरेदीच्या पलीकडे एक विकणारा असतो. बातमी ठाऊक असलेल्याने आज जे शेअर स्वस्तात घेतले, ते कोणीतरी विकले आहेत. तो विकणारा तुमच्याच गावचा निवृत्त शिक्षक असू शकतो, ज्याने मुलीच्या फीसाठी शंभर शेअर काढले. त्याला बातमी कळली असती, तर तो आणखी दोन दिवस थांबला असता. इनसायडरचे कलम त्या माणसाच्या बाजूने उभे आहे. मुंबईपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या छोट्या गुंतवणूकदारांकडे आतली माहिती कधीच येत नाही. म्हणून हा नियम सर्वांनी पाळण्यात आपलाच फायदा सर्वात मोठा आहे.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. ड्रॉवरमधले किंवा ईमेलमधले नियुक्तीपत्र, आचारसंहिता, पुरवठ्याचा करार बाहेर काढा आणि इनसायडरची व्याख्या शोधा. घरातल्या कोणाची नावे फॉर्ममध्ये द्यायची राहिली आहेत, ते पाहा. जे समजत नाही, ते कंप्लायन्स ऑफिसरला ईमेलने विचारा, तोंडी नको. आलेले उत्तर जपून ठेवा. उद्या कोणी प्रश्न विचारला, तर आपण प्रामाणिकपणे काळजी घेतली होती, याचा तोच पहिला पुरावा असेल.